व्हायब्रेशन प्लेट, प्रगती नोंद: डायल सोडा, हर्ट्झ आणि मिमी लिहा

फोंड्याच्या व्हायब्रेशन प्लेटचं, म्हणजे उभं राहून व्यायाम करायच्या थरथरणाऱ्या यंत्राचं, मोजमाप पुरं झालं. आता तिच्यावर उभं राहिल्यावर शरीरात काय होतं, हे आकडे धरून बोलता येईल. प्लेट साधी घरगुती जातीची आहे: मधल्या आसावर सी-सॉसारखी डावी-उजवी डुलणारी, खाली डीसी मोटर, पट्टा, विकेंद्री चाक आणि डायलवर १ ते ९९. हे ९९ म्हणजे ९९ हर्ट्झ (सेकंदाला ९९ वेळा) नव्हेत. या जातीच्या बऱ्याच प्लेटी पूर्ण वेगाला १० ते १५ हर्ट्झच्या आसपासच असतात. त्यामुळे ‘स्पीड ४०, दहा मिनिटं’ अशी नोंद दुसऱ्याच्या काहीच उपयोगाची नाही. प्लेट सेकंदाला किती वेळा हलते आणि पावलाखाली किती मिमी हलते, हे दोन आकडे मिळाले तरच म्हापशाचा माणूस आणि कुडचड्याचा माणूस एकाच व्यायामाबद्दल बोलतायत असं म्हणता येईल.

हर्ट्झ

जुना फोन पुरतो. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती जोर याचा आलेख, दिसतो. फोन दुहेरी चिकटपट्टीने प्लेटवर घट्ट बसवा, आस आणि कड यांच्या मधोमध. अगदी कडेला लावला तर सेन्सरची मर्यादा ओलांडून आलेख वर-खाली कापला जातो. रोजच्या वापरातला नवा फोन मात्र ठेवू नका. कॅमेऱ्यात ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन असेल तर जोरदार कंपनांनी ते बिघडू शकतं. २०२१ मध्ये अ‍ॅपलने मोटरसायकलवर फोन बसवणाऱ्यांना याच कारणाने सावध केलं होतं.

सेन्सर सेकंदाला १०० वेळा वाचत असेल तर ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं, त्यावरचं भलत्याच जागी उमटतं. आलेखात एकापेक्षा जास्त टोकं दिसली आणि ती एकमेकांच्या पटीत असली, तर सगळ्यात डावीकडचं मोठं टोक घ्या. बाकीची ठोक्यांमुळे येतात. आणि मोजायचं माणूस उभा असताना. रिकाम्या प्लेटचा आकडा फसवतो, कारण वजन आलं की हलक्या मोटरचा वेग पडतो. फोंड्याच्या प्लेटवर डायल ९९ ला, माणसासकट, टोक १२ हर्ट्झवर आलं.

मिमी

यासाठी खाणीवर खनिज चाळणाऱ्या कंपन-चाळणीला लावतात तो कागद सगळ्यात उत्तम, आणि गोव्यात तो ओळखणारे पुष्कळ असतील. जाड कागदावर १२० मिमी लांब, पायाशी १२ मिमी रुंद असा निमुळता त्रिकोण काढा, काळा रंगवा आणि टोकापासून दर १० मिमीला खूण करा. हा कागद प्लेटच्या डाव्या किंवा उजव्या बाजूच्या कडेवर आडवा चिकटवा, म्हणजे त्रिकोणाची रुंदी उभ्या दिशेत येईल. पुढच्या कडेवर नको, तिथे आसापासूनचं अंतर प्रत्येक इंचाला बदलतं. प्लेट सुरू झाली की त्रिकोणाचं टोक करडं पडतं आणि आत एक छोटा गडद त्रिकोण तेवढा ठाम दिसतो. त्याचं टोक मूळ टोकापासून जितक्या खुणा दूर, तितके मिमी प्लेटची एकूण हालचाल. मस्त साधन आहे. भर दुपारच्या उजेडात तर अर्ध्या मिमीपर्यंत वाचता येतं. ट्यूबलाइटखाली वाचू नका, तिचं लुकलुकणं चित्र फोडतं.

आपल्या प्लेटला कडेला, आसापासून २५ सेंमीवर, एकूण हालचाल १० मिमी आली. आयाम, म्हणजे मधल्या जागेपासून एका बाजूची हालचाल, त्याच्या निम्मा, ५ मिमी. आसाकडे जाल तसा तो त्याच प्रमाणात घटतो: १५ सेंमीवर ३ मिमी, १० सेंमीवर २ मिमी.

आता हिशेब. हर्ट्झचा वर्ग गुणिले आयाम मिमीमध्ये, भागिले २५०. उत्तर गुरुत्वाच्या पटीत, म्हणजे ‘जी’मध्ये. १२ हर्ट्झला पाय १० सेंमीवर असतील तर १.१५ जी, १५ वर १.७, कडेला २.९. डायलला हात न लावता नुसते पाय फाकवून मात्रा अडीच पट होते. म्हणून प्लेटवर या तीन अंतरांवर रंगीत टेपच्या तीन पट्ट्या मारून घेतल्या आहेत आणि आता नोंदीत ‘पट्टी’ हाच शब्द येईल.

सरळ वर-खाली हलणाऱ्या प्लेटी वेगळ्या. त्या साधारण २५ ते ५० हर्ट्झवर चालतात, आयाम १-२ मिमी. ३० हर्ट्झ आणि २ मिमी म्हणजे ७.२ जी. दोन्ही पाय एकदम उचलले जात असल्याने धक्का थेट कण्यात जातो. डुलणाऱ्या प्लेटीत कंबर आलटून-पालटून कलते आणि डोक्यापर्यंत कमी पोचतं. माझ्या मते घरात एकट्याने करणाऱ्याने डुलणारीच घ्यावी.

स्नायूत काय होतं

स्नायूत ताण जोखणारे सूक्ष्म तंतू असतात, स्पिंडल. प्लेट हलली की पोटरी, मांडी क्षणभर ताणली जाते, स्पिंडलचा संदेश मज्जारज्जूत जातो आणि तिथूनच स्नायूला आकसण्याचा हुकूम परत येतो. कंपनाने असा प्रतिक्षेप सुरू होतो हे स्वीडनच्या हॅगबार्थ आणि एक्लुंड यांनी १९६६ मध्ये दाखवलं, तेव्हा कंपन थेट स्नायूवर दिलं होतं. प्लेटवर त्यात तोल सावरायची धडपडही मिसळते. सगळ्यात जास्त काम पोटरी करते, कारण ती पावलाला सगळ्यात जवळ. मांडीला काम द्यायचं तर गुडघे वाकवावेच लागतात.

पहिल्या काही वेळा मांड्या-पोटऱ्यांना जोरदार खाज सुटते, कातडी लाल होते. त्वचेतला रक्तप्रवाह वाढल्याने हे होतं. थोड्या वेळात जातं आणि सवयीने कमी होतं.

ताकदीत फरक पडतो तो मुख्यतः व्यायामाची सवय नसलेल्यांना आणि वयस्कांना. जो आधीच वजनं मारून बैठका काढतो, त्याला फारसं काही मिळत नाही. वजन उतरवण्याच्या जाहिराती सोडून द्या: नुसतं उभं राहण्यापेक्षा ऑक्सिजनचा खर्च वाढतो, पण चालण्याइतकाच. मिरामारच्या वाळूत तेवढाच वेळ चाललात तर जास्त घाम येईल.

हाडांची गोष्ट अजून मिटलेली नाही. २००१ मध्ये क्लिंटन रुबिन यांनी मेंढ्यांना वर्षभर रोज २० मिनिटं, ३० हर्ट्झ, ०.३ जी दिलं आणि मांडीच्या हाडातल्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्के वाढलेली आढळली. पण २०११ मध्ये कॅनडात २०२ रजोनिवृत्त स्त्रियांवर तेवढाच ०.३ जी वर्षभर वापरला तेव्हा हाडांच्या घनतेत फरक दिसला नाही. आणि ३० हर्ट्झला ०.३ जी म्हणजे एकूण हालचाल पाव मिमीच्याही आत. आपल्या प्लेटीशी त्याचा काही संबंध नाही. हाडांसाठी घरी प्लेट आणली असं कुणी म्हणालं, तर त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवा.

उभं कसं राहायचं

गुडघे २० ते ३० अंश वाकलेले, वजन चवड्यांवर, टाचा जेमतेम टेकलेल्या, पोट आत. गुडघे ताठ ठेवले की कंपन सरळ वर चढतं, दात वाजतात, नजर थरथरते. नजर थरथरली तर लगेच थांबा आणि आणखी वाका. अनवाणी किंवा पातळ तळव्याचे बूट; जाड स्पोर्ट्स बुटांचा फोम बरंचसं काम गिळतो.

प्लेटवर बसू नका. बसलेल्या माणसाचा कणा ४ ते ६ हर्ट्झला सगळ्यात जास्त थरारतो आणि आपल्या प्लेटी हळू वेगाला नेमक्या तिथेच असतात. डिचोली-सांखळी पट्ट्यातले टिप्पर चालक आणि आपले मोटरसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाले) यांची कंबर याच घरातल्या कंपनांनी दुखते. कामाच्या जागी दिवसभराच्या कंपनाला युरोपात १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल मर्यादा आहे, आपल्या १.७ जीचं सरासरी मूल्य त्याच्या दहापट भरतं. वेळ मिनिटांत ठेवायची ती म्हणून.

सुरुवात आतल्या पट्टीवर: ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, पाच वेळा, एक दिवसाआड. चक्कर नाही, गुडघा कुरकुरत नाही, तर ६० सेकंदांवर या, मग मधल्या पट्टीवर. चालू वेळ एकूण १० मिनिटांच्या वर नेऊ नका. गर्भारपण, पेसमेकर, नुकतंच मोडलेलं हाड किंवा ऑपरेशन, शिरेत रक्ताची गुठळी, मूतखडा किंवा पित्ताचे खडे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, फिट्स, कण्यातली सरकलेली चकती: यातलं काहीही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय प्लेटवर पाऊल नाही.

पट्टा, गंज, लादी

वजन ठेवल्यावर वेग एकदम पडून चिरका आवाज आला तर पट्टा सैल. प्लग काढून खालचं झाकण उघडा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा पाच-सहा मिमी जावा. त्याहून घट्ट केला तर बेअरिंग लवकर जातं. एका बाजूला पाय ठेवल्यावर ठकठक येत असेल तर आसाचे रबरी बुश झिजलेत. दोन्ही कडांना त्रिकोणी कागद लावा, आकडे वेगळे आले की खात्री झाली.

किनाऱ्याकडच्या घरांत खाऱ्या हवेने बोल्ट आणि बेअरिंगची बैठक गंजते. पावसाळ्याआधी एकदा आणि चवथीच्या सुमारास एकदा उघडून पुसा. पट्ट्याला तेल लागू देऊ नका. गुळगुळीत लादीवर प्लेट सरकते, त्यामुळे खाली १० मिमी कडक रबर घाला. मऊ योगा मॅट नको, तिच्यावर अख्खं यंत्रच हलतं आणि पावलाखालचे मिमी कमी होतात. पावसात वीज जाते-येते त्या दिवसांत धरायला दांडा असल्याशिवाय करू नका. प्लेट झटक्यात थांबली की तोल पुढे जातो.

पुढचं काम

कमरेपर्यंत किती पोचतं हे मोजायचं आहे. दुसरा जुना फोन रुंद इलॅस्टिक पट्ट्याने माकडहाडाच्या वर घट्ट बांधा; ढिला बांधला तर तो स्वतःच नाचतो आणि आकडा फुगतो. गुडघे १०, २०, ३० अंशांवर, तिन्ही पट्ट्यांवर, प्रत्येकी २० सेकंद. १० अंशांत डोकं हललं तर ती ओळ सोडून द्या. कमरेचा जी भागिले पावलाखालचा जी, एवढंच लिहून पाठवा. सोबत प्लेटची जात, मोजलेले हर्ट्झ आणि उभ्या माणसाचं वजन.