रोल्स रेझरची डबी: पट्ट्याचं झाकण तयार

मंडळी, इम्पिरियल नंबर 2 या रोल्सच्या जुन्या दाढीच्या रेझरची डबी दुरुस्त करतोय, तिचं निम्म्याहून जास्त काम झालंय. ज्यांनी रोल्स हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या क्रिकलवुडमध्ये बनलेल्या या यंत्रात डबी म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे. एका झाकणाच्या आत धार लावायचा दगड, दुसऱ्याच्या आत धार परजायचा चामड्याचा पट्टा, आणि मधल्या चौकटीत वस्तऱ्यासारखं जाड पाठीचं पातं. एक झाकण काढायचं, दांडी उभी करून मागेपुढे सरकवायची. पातं समोरच्या झाकणावर घासत जातं आणि प्रत्येक टोकाला कूस बदलतं. (विकणारे सर्रास सांगतात तसा रोल्स-रॉइसशी याचा काही संबंध नाही. 1964 मध्ये ही कंपनी बुडाली, तेव्हा ती धुलाई यंत्रं विकत होती.)

म्हणूनच बाहेरून चकचकीत केलेली आणि आत मिळेल ते चामडं चिकटवलेली डबी मला दुरुस्त झालेली वाटत नाही. पातं आणि पट्टा यांच्यात अंतर किती, यावर सगळं अवलंबून आहे. चामडं जाड झालं तर पातं उलटताना धार त्यात रुतते. पातळ राहिलं तर ते नुसतंच वरून फिरतं, परजलं जात नाही.

माझ्या झाकणातलं जुनं चामडं वाळून मधोमध तडकलं होतं. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर ठेवत ठेवत ते सैल केलं, सुरी लावली नाही. निघाल्यावर मधला भाग मापायचा मोह टाळला, कारण तो झिजलेला असतो. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तो कोपऱ्याला, जिथे पातं पोहोचतच नाही. तिथे दीड मिलिमीटरच्या जरा वर भरलं.

नवं चामडं कोल्हापुरी चपलांचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून आणलं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं हे चामडं घट्ट असतं, दाबाखाली पसरत नाही. तळव्यासाठीचं म्हणून जाड होतं; त्यांनीच मांसाच्या बाजूने रापीने तासून दिलं. रापीचा हात इतका सारखा, की दोन्ही टोकांच्या मापात फरक सापडेना.

चिकटवायला सरस वापरला. चांभारी सोल्यूशन पटकन पकडतं खरं, पण पुढे कुणाला पट्टा बदलायचा झाला तर झाकणाचा मुलामा खरवडावा लागेल. पावसाळ्यात सरस ओल धरतो, तेव्हा डबीसोबत सिलिका जेलची पुडी राहील.

चाचणी अशी केली: पट्ट्यावर मऊ पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या, झाकण बसवलं, दांडी हलक्या हाताने थोडी फिरवली आणि झाकण काढून पाहिलं. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या पुसलेल्या. उलटण्याच्या जागी काप नाही. पातं कूस बदलतानाचा टकटक आवाजही आता मोकळा येतोय.

बाहेरचं निकेल फक्त साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसलं. मुलामा पातळ असतो, पॉलिश घासून खालचा धातू उघडा पाडण्यापेक्षा चार ओरखडे बरे. दगडाच्या कोपऱ्याचा टवका उडालाय. पातं तिथवर जात नाही, म्हणून तो तसाच ठेवतोय. आता चौकटीतलं वाळलेलं ग्रीस काढायचं आहे. कुणाकडे न वापरलेला मूळ पट्टा असेल तर कोपऱ्यातली जाडी मोजून जरूर कळवा.