चालत्या गाडीवर ट्रेलरची बॅटरी चार्ज होते म्हणे!

मेलबर्नहून मिलड्युरा म्हणजे काल्डर हायवेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. सहा तास गाडी चालतेय म्हटल्यावर मागच्या कॅम्पर ट्रेलरची १०० अँपिअर-अवरची बॅटरी तुडुंब भरायला हवी. आमची भरत नव्हती. मुक्कामी पोचलो की रात्रीत फ्रिज मान टाकायचा आणि सकाळी बायको आधी श्रीखंडाच्या डब्याकडे बघायची, मग माझ्याकडे.

तसं बघायला गेलं तर सगळं जागेवर होतं. टो-बार बसवणाऱ्याने बॉनेटपासून मागपर्यंत वायर टाकून करड्या रंगाचा अँडरसन प्लग (गाडीची वीज ट्रेलरला देणारा जाडजूड जोड) जोडून दिला होता. प्लग लावला की ट्रेलरमधला हिरवा दिवाही लागायचा. दिव्याचं काय, तो कशानेही लागतो.

मल्टीमीटर काढला. गाडी सुरू केल्या केल्या पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट. वीसेक मिनिटांनी पाहिलं तर १२.६. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बिघडला नव्हता, तो 'स्मार्ट' जातीचा निघाला. पुढची बॅटरी बऱ्यापैकी भरली की गाडीचा कॉम्प्युटर डिझेल वाचवायला व्होल्टेज उतरवतो, आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की परत चढवतो. मागच्या एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड जातीच्या) बॅटरीला पोटभर चार्ज व्हायला १४.४ च्या आसपास लागतात. १२.६ मध्ये तिच्यात काय जाणार, कपाळ?

त्यात वायर. इथल्या दुकानात 'सहा मिलिमीटर ऑटो केबल' मिळते, त्यातले सहा मिलिमीटर हे वरच्या प्लास्टिकसकट. आत तांबं जेमतेम साडेचार चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन सोळा मीटर लांबी धरली आणि तीस अँपिअर ओढले, तर जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच गडप. पैसे घेऊन हीच वायर टाकून दिली होती.

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं म्हणणं पडलं की नुसती जाड केबल टाकून भागणार नाही, डीसी-डीसी चार्जर घे, आणि तो गाडीत नको, ट्रेलरच्या बॅटरीशेजारी बसव. येईल ते व्होल्टेज हा डबा घेतो आणि बॅटरीला हवं तेवढं करून देतो. गाडीत बसवला तर नीट करून दिलेलं व्होल्टेज पुन्हा लांबच्या वायरीत गळणार. पटलं. २५ अँपिअरचा घेतला.

केबल 'सिक्स बी अँड एस', म्हणजे साडेतेरा चौरस मिलिमीटर तांबं. दोन्ही टोकांना बॅटरी असल्याने फ्यूजही दोन्हीकडे, बॅटरीच्या अगदी जवळ. निगेटिव्ह वायर पुढच्या बॅटरीच्या टर्मिनलवर न लावता बॉडीच्या अर्थला लावायची, कारण टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला चकवून गेलेला करंट कॉम्प्युटरच्या हिशेबात येत नाही. एक बारीक वायर इग्निशनकडून चार्जरपर्यंत न्यावी लागली. ती नसली तर व्होल्टेज उतरल्यावर चार्जरला वाटतं गाडी बंद झाली, आणि तो झोपतो.

सगळ्यात वेळ खाल्ला तो लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे कान, दाबण्याने. साधी पक्कड तिथे चालत नाही, हायड्रॉलिक क्रिंपर मागून आणला. दाबून झालं की लग दोन्ही हातांनी ओढून बघायचा. तसूभर जरी सरकला तरी कापून नवा. चेसिसच्या कडेने केबल नेताना सायलेन्सरपासून लांब ठेवायची आणि रबर क्लॅम्प घालायचे, हे काम पाठीवर झोपून, डोळ्यांत माती झेलत.

पुढच्या फेरीला विचीप्रूफला चहाला थांबलो (रेल्वेचे रूळ गावच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध गेलेत, एकदा बघण्यासारखं आहे). इंजिन बंद करण्याआधी ट्रेलरच्या बॅटरीवर मीटर लावला: १४.४. मिलड्युरा येईस्तोवर चार्जर फ्लोटवर गेला होता, म्हणजे बॅटरी भरून आता नुसती भरलेली ठेवत होता.

अर्थात गाडी उभी राहिली की हे सगळं बंद. आमचा फ्रिज दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-अवर खातो आणि एजीएम निम्म्याखाली उतरवू नये, त्यामुळे मरे नदीकाठी दीड दिवसाच्या पुढे बसायचं तर सोलर हवाच. चार्जरला सोलरचं इनपुट आहे, पॅनेल तेवढं घ्यायचं बाकी आहे.