नळीची वाट: बेलपाड्याहून हरिश्चंद्रगड चढू पाहणाऱ्या ठाणेकरांसाठी

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेचे वर्णन ‘मध्यम कठीण, नवख्यांनाही जमेल’ असे करून ज्या आयोजकांनी आमच्याकडून माणशी अठराशे रुपये घेतले, त्यांनी आमची सरळसरळ दिशाभूल केली. ‘सुरक्षा साधनांसह’ असे त्यांनी लेखी कळवले होते. प्रत्यक्षात तीसेक माणसांमागे दोन दोर होते आणि हेल्मेट एकालाही नव्हते. ही वाट मध्यम नाही, कठीण आहे, आणि तिचा जो भाग खरोखर धोक्याचा आहे त्याबद्दल निघण्यापूर्वी आम्हाला कोणीही काहीही सांगितले नव्हते.

आपण ठाणेकर खाडीकाठची माणसे. गडाची उंची १,४२४ मीटर असून त्यातली सुमारे हजार मीटर या वाटेने एका दमात चढावी लागते, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या तीस मजली इमारतीचा जिना ओळीने अकरा वेळा चढण्यासारखे आहे. येऊरला किंवा मामा-भाच्याच्या डोंगरावर नियमित जाणाऱ्यांचे पाय हे सहन करतील. ज्यांना तेवढीही सवय नाही, त्यांनी हा बेत करू नये.

मुरबाड, टोकावडे, सावर्णे या मार्गाने रात्रीच बेलपाड्यात मुक्कामाला जावे. गावातून निघाल्यावर पहिले दोन तास ओढ्याच्या पात्रातल्या धोंड्यांवरून जायचे असते. ते कंटाळवाणे आहे, धोक्याचे नाही. पुढे कोकणकड्याच्या कुशीतली नळी, म्हणजे दोन कातळभिंतींमधली अरुंद घळ, सुरू होते आणि कातळटप्पे लागतात. सगळी वर्णने या टप्प्यांविषयीच भरभरून बोलतात. माझ्या मते त्यांची भीती अवाजवी आहे, कारण तिथे खोबणी नीट आहेत, दगड पक्का आहे आणि वर दोर धरणारा जाणता माणूस असला की सामान्य तब्येतीचा माणूस सावकाश का होईना, चढून जातो.

खरी परीक्षा कातळटप्प्यांच्या दरम्यान आणि त्यांच्या वर लागणाऱ्या घसाऱ्याची, म्हणजे सुट्या दगडांच्या उताराची, आहे. दर पावसाळ्यात दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींवरून सुटलेले दगड या अरुंद नळीत येऊन साचतात आणि एकमेकांच्या आधाराने कसेबसे टिकून राहतात. त्यामुळे गेल्या वर्षी ज्या धोंड्यावर कोणी निर्धास्त पाय ठेवला होता, तो यंदा तिथे असेलच असे नाही. आमच्या पुढे असलेला बेलपाड्याचा वाटाड्या प्रत्येक मोठ्या दगडावर आधी काठीचे टोक टेकवी, किंचित दाबून पाही आणि मगच पाय आडवा ठेवून वजन टाकी. त्याच्या पायाखालून एकही खडा निसटला नाही. मागून येणाऱ्या आमच्या लांबलचक रांगेतून मात्र सारखे दगड सुटत होते. असाच एक, दोन-अडीच किलोचा तरी असावा, वरून ‘दगड! दगड!’ अशी आरोळी येईपर्यंत भिंतीवर आदळून फुटला आणि त्याची कपची माझ्यापुढे चाललेल्या ताईंच्या सॅकमध्ये घुसली. डोक्याची उंची तिथून वीतभरच होती.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. या वाटेने आठांपेक्षा जास्त माणसांच्या गटात जाऊ नये, मग आयोजक कितीही नावाजलेले असोत. गिर्यारोहणाचे हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर असलेच पाहिजे. घसाऱ्यावर एकमेकांच्या बरोबर खाली उभे राहू नये, भिंतीच्या कडेने चढावे, आणि वरचा माणूस आडोशाला पोचेपर्यंत खालच्याने जागचे हलू नये. वाटाड्या बेलपाड्यातलाच घ्यावा आणि त्याचे पैसे थेट त्याच्या हातात द्यावेत. आमच्या वाटाड्याला त्या अठराशेंतून फारच थोडे मिळाल्याचे त्याच्याच तोंडून कळले, तेव्हा फार वाईट वाटले.

पावसाळ्यात इकडे फिरकूही नये, कारण नळीतूनच पाणी कोसळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळभर नळीत सावली राहते आणि दुपारनंतर मात्र ऊन थेट अंगावर येऊन कातळ तापतो, म्हणून पहाटे पाचला गाव सोडणे हा शिष्टाचार नसून गरज आहे. लहान गटाला सात-आठ तास पुरतात. आमच्या गर्दीला कातळटप्प्यांखाली ताटकळत बसावे लागल्याने संध्याकाळ झाली. हिवाळ्यात नळीत भरवशाचे पाणी नसते. माणशी चार लिटर पाणी गावातूनच न्यावे, तीन पुरत नाही. कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा.

वर पोचल्यावर कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून आपण चढून आलो ती दरी पाहिली, तेव्हा सगळा शीण गेला आणि दोन मिनिटे मलाही ही वाट सर्वांना सुचवाविशी वाटली. त्या आनंदात कोणालाही फोन करून बोलावू नये. मुक्काम गडावरच करावा, पिठलं-भाकरी मिळते. दुसऱ्या दिवशीचे केदारेश्वराचे लेणे आणि हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

उतरताना साधले घाटाने पुन्हा बेलपाड्याला जाण्याचा आग्रह धरू नये, कारण दमलेले गुडघे तो उतार सहन करत नाहीत. तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरावे. खिंडीजवळच्या कातळावर लोखंडी कठडे आहेत. खिरेश्वरहून खुबी फाट्यापर्यंतचा रस्ता पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने जवळजवळ सपाट जातो, तरीही एका जीपवाल्याने तेवढ्यासाठी माणशी दोनशे रुपये मागितले. भाडे गाडीत बसण्यापूर्वी आणि पूर्ण गाडीचे ठरवावे, नाही जमले तर सरळ चालत निघावे. फाट्यावर आळेफाट्याकडून कल्याणला जाणारी एसटी मिळते. रविवारी संध्याकाळी ती भरून येते, म्हणून दुपारी दोनच्या आत तिथे उभे असावे.