फ्रंट-माउंट अपडेट: हॉट साइडचा कपलर का सुटतोय, ते अखेर कळलं

सापडलं! (नवीन वाचकांसाठी: टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मी इंजिनावरून, म्हणजे टॉप-माउंटवरून, पुढे बंपरमागे आणलाय; तो फ्रंट-माउंट. टर्बोपासून त्याच्याकडे जाणारा पाईप ही हॉट साइड, आणि पाईप जोडणारी सिलिकॉनची नळी म्हणजे कपलर.) तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) एक बारच्या आसपास आला की 'फट्', मागे काळा धूर आणि गाडी बंद. मागच्या अपडेटमध्ये घोडं इथेच अडलं होतं. बऱ्याच जणांनी क्लँप बदलायला सांगितलं. क्लँप आधीच टी-बोल्टचे (बोल्टने आवळायच्या सलग पट्टीचे) आहेत आणि त्यांचा यात काहीही दोष नाही.

धुराबद्दल विचारणाऱ्यांसाठी: आपली गाडी एमएएफवाली, म्हणजे आत येणारी हवा सेन्सरने मोजणारी. टर्बोच्या आधी मोजलेली हवा कपलरमधून बाहेर गेली तरी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधन मोजलेल्या हवेच्या हिशेबानेच टाकतो. मिश्रण इतकं रिच (इंधन जास्त, हवा कमी) होतं की आयडलही धरत नाही. एमएपीवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाड्यांमध्ये एवढा तमाशा होत नाही, फक्त बूस्ट गायब होतो.

डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच होती. लीक टेस्टमध्ये सगळं ठणठणीत. टर्बोच्या तोंडाला टोपी लावली, रेग्युलेटरने दाब हळूहळू एक बारपर्यंत नेला, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं. बीओव्हीच्या (थ्रॉटल सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) फ्लँजवर दोन-चार बुडबुडे आले, गास्केट बदललं, तेही थांबले. ऑइल कॅप काढल्यावर आतून येणारी 'सूं' ही वॉल्व्ह आणि रिंगांवाटे क्रँककेसमध्ये शिरलेली हवा असते, ती गळती समजू नका. (आणि टेस्ट चालू असताना कपलरच्या रेषेत तोंड घालून बघू नका.)

63 मिमी पाईपचं तोंड म्हणजे साधारण 31 चौरस सेंटिमीटर. एक बारला त्यावर 310 न्यूटनच्या आसपास जोर येतो, म्हणजे 32 किलो वजन टांगल्यासारखं. पण हा जोर लीक टेस्टमध्येही तेवढाच असतो! दाब तोच, क्लँप तेच, कपलर तोच. मग रस्त्यावर वेगळं काय? उष्णता, नाहीतर हालचाल.

उष्णतेचा संशय आधी निकालात काढला. 30 अंशाची हवा 70 टक्के एफिशियन्सीच्या कंप्रेसरमधून एक बार बूस्टला बाहेर पडते तेव्हा गणिताने 125 अंशांच्या घरात जाते. चांगल्या सिलिकॉनला हे जड नाही, पण खात्री हवी होती. गाडी दणकून तापवली आणि गरम असतानाच लीक टेस्ट लावली. कपलर जागचा हलला नाही.

उरली हालचाल. चांदीच्या रंगाचं पेंट मार्कर घेऊन पाईपवरून कपलरवर आणि तिथून टर्बोच्या नळीवर एक सरळ रेघ ओढली. अर्ध्या थ्रॉटलच्या वर न जाता एक फेरी मारली, बोनेट उघडलं. टर्बोकडची रेघ अखंड, पाईपकडची तुटलेली. कपलर चांगला पाच मिलिमीटर सरकलेला. कपलर काढून आत पाहिलं तर पाईपची कड एका बाजूला आरशासारखी घासलेली. धातूवर धातू आपटत होता.

कारण किटमधलं ब्रॅकेट. ते हॉट पाईपला थेट बॉडीच्या रेलवर आवळतं. इंजिन आडवं असल्यामुळे थ्रॉटल दिला की ते मागे कलतं, सोडला की पुढे येतं, आणि टर्बो त्याच्याबरोबर डोलतो. पाईप मात्र जागेवर खिळलेला. मधल्या आखूड सरळ कपलरने हे सगळं सोसायचं, तेही पाईपच्या दोन तोंडांत जेमतेम पाच मिलिमीटरची फट ठेवून. भरीला पाईपच्या त्या टोकाला बीडच (कपलर निसटू नये म्हणून कडेला काढलेला उंचवटा) नाही! कोअरकडच्या (इंटरकूलरकडच्या) टोकांना व्यवस्थित बीड, आणि सगळ्यात जास्त हालचाल सोसणारं टोक गुळगुळीत. किट बनवणाऱ्याने नक्की काय विचार केला होता देव जाणे. पीसीव्हीतून (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) येणारा तेलाचा पापुद्रा त्यावर बसला की कपलरला धरायला काही उरत नाही.

पुढचं काम सोपं होतं. पाईप 15 मिमी कापला, मित्राच्या बीड रोलरवर बीड काढला, दोन्ही टोकं आयसोप्रोपिलने पुसून कोरडी केली आणि सरळ कपलरच्या जागी हंप कपलर (मधे फुगवटा असलेला, लवचिक) टाकला. कपलर चिकटून राहावा म्हणून पाईपवर हेअरस्प्रे मारायला सांगणाऱ्यांनो, तुमची युक्ती चालते, मी नाकारत नाही. पण ती बीडच्या जोडीला, बीडच्या ऐवजी नाही. क्लँपबद्दल माझं मत: टी-बोल्ट उत्तम, स्प्रिंगवाला टी-बोल्ट त्याहून उत्तम, कारण गरम-थंड होताना सिलिकॉन फुगतं-आकसतं आणि स्प्रिंग ताण टिकवते. खाचांच्या पट्टीचे वर्म क्लँप पाण्याच्या पाईपला ठेवा, बूस्टला नको. आणि टी-बोल्ट जोर लावून पिळू नका, पट्टीची कड सिलिकॉन कापते.

तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत ओढली. धरलं. पुन्हा ओढली. धरलं. गेजची सुई एक बारवर चिकटून बसलेली बघताना जे काही वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता आकडे. बाहेर 31 अंश असताना सलग पुल्समध्ये (फुल थ्रॉटलच्या ओढींत) जुन्या टॉप-माउंटवर आयएटी (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान) 68 पर्यंत चढायचं. 76 मिमी जाडीच्या नव्या बार-अँड-प्लेट कोअरवर ते 44 ला थांबतं. तेवढ्याच दाबाला हवेची घनता सुमारे साडेसात टक्के जास्त. लॅग (बूस्ट यायला लागणारा उशीर) किंचित वाढलाय, पण इतका पाईप भरायचा म्हटल्यावर ते आलंच. बंपर बसला, त्याच्यामागच्या लोखंडी बीमला करवत न लावता. फक्त मागची प्लॅस्टिकची जाळी कापली आणि हॉर्न खाली सरकवला. बीम कापून कोअर बसवणाऱ्यांशी माझं कधी जमणार नाही, तो बीम धडक झेलायला असतो.

ब्रॅकेटसाठी रबर बॉबिन (दोन्हीकडे बोल्ट असलेले रबरी ठोकळे) घेऊन ठेवलेत, म्हणजे पाईप बॉडीवरच राहील पण थोडा डोलेल, असा बेत होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की पाईपला बॉडीवर ठेवायचाच कशाला? गिअरबॉक्सच्या वरच्या बोल्टला ब्रॅकेट जोडलं तर पाईप इंजिनाबरोबरच हलेल आणि टर्बोजवळच्या जोडावर ताणच येणार नाही. सगळी हालचाल कोअरच्या तोंडाशी जाईल, आणि तिथे 90 अंशाचा लांब एल्बो आहे, तो आनंदाने वाकेल. बॉबिन राहू देत डब्यात. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बघतो, बॅटरी ट्रेला लागतं का ते.

खालचा टॉर्क माउंटही (इंजिनाचं डोलणं रोखणारा रबरी आधार) बघितला, रबराला तडे आहेत. नवीन टाकणार, पण कंपनीचाच. पॉलीयुरेथेनने डोलणं कमी होईल हे खरं, पण आयडलला डॅशबोर्ड खडखडणारी गाडी मला नको.

एक काळजी: लांब चढावर कूलंट पूर्वीपेक्षा थोडं गरम राहतंय. कोअर एसीच्या कंडेन्सरच्या पुढ्यात बसलाय आणि हवा त्याच्या कडेने निसटते. बाजूच्या फटी फोमने बंद करून हवा कोअरमधूनच जाईल असं करायचंय. ते झालं की कोअरच्या दोन्ही बाजूंना गेज लावून प्रेशर ड्रॉप मोजतो.

कुणाकडे फ्लोरोसिलिकॉन (तेल सोसणाऱ्या) अस्तराचा 63 मिमीचा 90 अंशी एल्बो पडून असेल तर कळवा. माझा साध्या सिलिकॉनचा आहे, आणि तेलाने तो आतून आत्ताच मऊ लागायला लागलाय.