तळव्यावरचे फोड आणि अर्धा ग्रॅम मलम

साडेतीन महिन्यांची लस घेऊन आठ-दहा दिवस झाले होते. दुपटं बदलताना मुलीच्या पायाच्या तळव्यावर एक टपोरा, पाण्याने भरलेला फोड दिसला. दोन दिवसांत दोन्ही तळहात, तळपाय भरले. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. जूनचा पाऊस, काहीच वाळत नव्हतं. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे खरूज म्हणाले. घरातल्या सगळ्यांनी अंगभर औषध लावलं, चादरी उकळल्या. फोड वाढतच गेले. शेजारच्या बायका दारातूनच चौकशी करून परतायच्या, ते मला फार लागलं.

मग बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. डॉक्टरबाईंनी कातडीचे दोन बारीक तुकडे काढायचे म्हटलं तेव्हा माझे पाय लटपटले. एक फोडाचा, दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात, घालून चालत नाही, त्याचं द्रावण वेगळं असतं. आजार ओळखायला तोच महत्त्वाचा. अहवालात कातडीच्या दोन थरांच्या सीमेवर आयजीजी आणि सी-३ या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांची सरळ रेघ दिसली होती.

नाव बुलस पेम्फिगॉइड. एरवी सत्तरी ओलांडलेल्यांना होणारा आजार, तान्ह्या बाळात अगदी क्वचित. वरची कातडी खालच्या थराला ज्या प्रथिनांनी धरून ठेवते, त्यांच्यावरच शरीराची प्रतिकारशक्ती उलटते. संसर्ग नाही, कुणाचं कुणाला लागत नाही. हे वाक्य मी तिथेच दोनदा विचारून घेतलं, घरी जाऊन सांगायला.

औषध निघालं क्लोबेटासॉलचं मलम, ०.०५ टक्के. स्टिरॉइड, तेही सगळ्यात कडक वर्गातलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोराला स्टिरॉइड? मी नाही लावू देणार." भीती मलाही होतीच. पुढच्या खेपेला त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरबाईंनी ट्यूब दाबून त्यांच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली. "आजी, हे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या कातडीला पुरतं. बाळाचे पंजे केवढे, बघा." फोड असतील तिथेच लावायचं. तोंडावर नाही, लंगोटाखाली नाही. मापाबाहेर किंवा फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते. बाळाच्या अंगात औषध लवकर मुरतं, म्हणून वजन-उंची दर खेपेला मोजायची आणि मलम मनाने बंदही करायचं नाही. त्या दिवसापासून माप सासूबाईच काढू लागल्या.

खरी अडचण वेगळीच होती. मूल सारखं हात तोंडात घालायचं. मग दूध पिऊन गाढ झोपली की आधी हात साबणाने धुवायचे, मलम लावायचं, वर मऊ सुती मोजे. उठली की मोजे काढून तळवे पुसायचे. कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ थांबवली, साधं कोमट पाणी, घासणं नाही. मोठे ताणलेले फोड दवाखान्यातच निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढायचे, वरची साल तशीच ठेवायची. घरी मी एकालाही हात लावला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून नवे फोड थांबले. दोन वेळचं मलम एक वेळ झालं, मग एक दिवसाआड, मग सौम्य मलम. चवथीला मखरापुढे तिला घेऊन बसले तेव्हा तळव्यांवर फक्त तपकिरी डाग उरले होते.

लसीनंतरच सुरू झालं, मग पुढची लस टाळायची का? विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, टाळायची नाही, गोवर परवडणार नाही. नऊ महिन्यांची लस वेळेवर दिली. पुढचे पंधरा दिवस सासूबाई रोज सकाळी खिडकीजवळ नेऊन तिचे तळवे उलटसुलट बघत होत्या. एकही फोड आला नाही.