तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्टमध्ये ‘आयडी १’ का चालत नाही?

कोड तपासणाऱ्या ऑटोमॅटिक टेस्टमध्ये आयडी (डेटाबेस प्रत्येक नोंदीला देतो तो क्रमांक) थेट आकड्यात लिहू नका, असा शेरा मी कोडच्या रिव्ह्यूमध्ये दिला की ठरलेला प्रश्न येतो: ‘डेटाबेस रिकामा आहे, पहिल्या नोंदीला १ च मिळणार, मग अडचण काय?’ नवीन मुलं विचारतात, मुरलेले लोकही विचारतात. दर वेळी अर्धवट उत्तर देऊन मी थकले आहे, म्हणून एकदाच नीट सांगते.

मुळात १ मिळेलच याची खात्री नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्र केलेले बदल) रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं, तरी सिक्वेन्सने, म्हणजे आयडी वाटणाऱ्या मोजणीने, दिलेला आकडा परत जात नाही. जँगो या वेब फ्रेमवर्कची नेहमीची टेस्टकेस प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करते. नोंदी जातात, सिक्वेन्स पुढे सरकलेलाच राहतो. म्हणून एकटी पास होणारी टेस्ट सगळ्यांबरोबर चालवली की पडते, आणि लोक तिला ‘फ्लेकी’ (कधी पास, कधी नापास) म्हणत पुन्हा रन करतात.

पण हे कारण मी आता पुढे करत नाही. त्यावर लगेच तोड निघते: टेबल ट्रंकेट, म्हणजे रिकामं करताना ‘रीस्टार्ट आयडेंटिटी’ लावा, की आयडी पुन्हा १ पासून सुरू. एकेकाळी मीच हे सुचवायचे. आकडे ठरलेले असले की टेस्ट वाचायला सोपी जाते, हे तेव्हाचं म्हणणं आजही मला खोटं वाटत नाही. तरी माझं मत फिरलं, ते एका पॅथॉलॉजी लॅबच्या कामात.

तीन टेबलं होती: पेशंट, सॅम्पल, रिपोर्ट. मोबाइलवर पेशंटला त्याचे रिपोर्ट दाखवायचे होते. टेस्टमध्ये एक पेशंट, त्याचं एक सॅम्पल, त्याचा एक रिपोर्ट. सगळं हिरवं, म्हणजे पास. ट्रायल सुरू असताना काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. तिशीतल्या एका मुलाच्या खात्यात सत्तरीच्या आजींचा एचबीएवनसी (मधुमेहासाठीची रक्ततपासणी) दिसत होता. वर नाव मुलाचं, खाली आकडे आजींचे. बाईंनी ट्यूबवरचा बारकोड ताडून पाहिला म्हणून कळलं. ‘हा बघून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या असत्या तर?’ असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडताना, रिपोर्टचा सॅम्पल-आयडी थेट पेशंटच्या आयडीशी जोडला होता, मधलं सॅम्पलचं टेबल गाळून. दुरुस्ती किरकोळ होती. टेस्ट चालवली, पास. मग मुद्दाम जुनी, चुकीची क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारा आदेश) परत घातली. तरीही पास! तिन्ही टेबलांत आयडी १ असल्यावर कुठलाही कॉलम कशालाही जोडा, जुळणारच. शेवटी टेस्टच्या सुरुवातीला एक जास्तीचा पेशंट टाकला, ज्याचं सॅम्पलच नाही. आता आपल्या पेशंटचा आयडी २ आणि सॅम्पलचा १. जुन्या क्वेरीवर टेस्ट तिथल्या तिथे लाल झाली, म्हणजे पडली.

सिक्वेन्स रीसेट करणं म्हणजे दर टेस्टआधी हाच योगायोग नव्याने घडवून आणणं. म्हणून माझा हट्ट आहे: इन्सर्ट करताना मिळालेला आयडी व्हेरिएबलमध्ये घ्या (पोस्टग्रेसमध्ये ‘रिटर्निंग’ आहेच) आणि निकाल तपासताना बारकोडवरून शोधा. डीबीयुनिट या डेटाबेस टेस्टिंगच्या साधनात अपेक्षित डेटा ताडताना लोक आयडीचा कॉलम वगळतात. जरूर वगळा. पण सोबत फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीचा आयडी ठेवणारा कॉलम) सुद्धा वगळलीत, तर कुठलं सॅम्पल कुणाचं हे तपासायचंच राहून जातं. तिथे जॉइन करून बारकोड आणि पेशंटचा नोंदणी क्रमांक ताडावा लागतो.

याने टेस्ट लांबते, हो. यूयूआयडी (क्रमाने न येणारे, लांबलचक आयडी) वापरले तर आकड्यांची ही टक्कर टळते, हेही मान्य. पण ते दर वेळी बदलतात, मग जेसनचे स्नॅपशॉट (मजकूर म्हणून साठवलेला अपेक्षित निकाल) ताडताना सगळ्या आयडींच्या जागी एकच शब्द घातला जातो, आणि कोण कुणाचं हे पुन्हा दिसेनासं होतं. दिसतील त्या क्रमाने ‘पेशंट-अ’, ‘पेशंट-ब’ अशी नावं दिली तर बरं चालतं, पण क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ (क्रम लावायची सूचना) नसेल तर ओळींच्या क्रमाची हमी कुणी दिलेली नाही. वेळेवर क्रम लावावा, तर पोस्टग्रेसचं ‘नाऊ’ हे फंक्शन अख्ख्या ट्रान्झॅक्शनभर एकच वेळ देतं, म्हणजे टेस्टमधल्या सगळ्या रिपोर्टांची वेळ सारखीच. सध्या आम्ही वेळ हाताने घालतो. आमच्यातले काही म्हणतात, त्यापेक्षा सरळ आयडीवर क्रम लावा. मी नको म्हणते, आणि त्यांना ते अजून पटलेलं नाही.