टक्केवारी मायनस छत्तीस
भाची डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला, "मावशी, टक्केवारी शून्यच येतेय गं." फंक्शन एका ओळीचं: गुण / एकूण * १००. गुण ४३७, एकूण ६००, उत्तर ०. इंटच्या (पूर्णांकाच्या) जागी फ्लोट (दशांशातली संख्या) परत करूनही पाहिलं होतं, तर ०.००००००.

हे अर्ध्या तासात सुटलं. कीबोर्ड बाजूला ठेव आणि वहीत भागाकार मांड म्हटलं, शाळेत मांडायचीस तसा. "सहाशेचा भाग जात नाही. भागाकार शून्य, बाकी चारशे सदतीस," म्हणाली आणि गप्प झाली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे इंट बाकी टाकूनच देतो? आणि मग शून्य गुणिले शंभर!" ओळही तिनेच बदलली: गुण * १०० / एकूण. घरच्या लॅपटॉपवर ७२ आलं. पूर्णांकच हवा होता, म्हणून दोघी खुशीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तोच प्रोग्राम, तेच गुण, आणि उत्तर -३६. जर्नलवर लाल शेरा: 'आउटपुट चुकीचे, पुन्हा लिहा'. टक्केवारी मायनसमध्ये येतेच कशी, हे तिथे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पोरीने सगळं पुन्हा लिहून काढलं. पुन्हा -३६, पुन्हा तोच शेरा. आणि मीसुद्धा तिला हेच म्हणाले की उतरवताना काहीतरी चुकतेयस, नीट बघ. दोन दिवस असे गेले. "मावशी, मला हे जमणारच नाही का?" असं तिने विचारलं तेव्हा माझ्या पोटात तुटलं.

मग तिच्याकडून लॅबच्या स्क्रीनचा फोटो मागवला. निळा पडदा, पिवळी अक्षरं. एकेक कंस, एकेक सेमीकोलन तपासला, सगळं जिथल्या तिथे. तो निळा पडदा मात्र ओळखीचा होता: टर्बो सी, म्हणजे सीचा एक जुना कंपायलर, लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारा. १९८७ साली आलेला. ६४ बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, डॉसबॉक्समधून (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून) चालवावा लागतो. हे पहिल्याच फोनवर विचारायला हवं होतं. कुणाला मदत करायला बसलात तर आधी विचारा, कुठल्या कंपायलरवर चालवतोयस?

मला कारण कळलं होतं, पण मी सांगितलं नाही. गुण बदलत जा आणि उत्तरं लिहून ठेव, एवढंच म्हटलं. ३०० ला ५०. ४०० ला -४२. मग ती मधले आकडे घेत गेली. संध्याकाळी फोनवर अक्षरशः ओरडली, "३२७ ला ५४ येतं आणि ३२८ ला मायनस ५४!"

टर्बो सीचा इंट १६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायचं एक घर), त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ३२७ गुणिले १०० म्हणजे ३२,७००, मावलं. ३२,८०० नाही मावत, तिथून आकडा फिरून मायनसमध्ये जातो. तिने वहीत केलं: ४३,७०० वजा ६५,५३६ (१६ बिटांत बसणारे एकूण आकडे), म्हणजे -२१,८३६. भागिले ६००, -३६. घरच्या कंपायलरचा इंट ३२ बिटांचा, म्हणून तिथे काही बिघडलं नाही. गंमत म्हणजे दोन्ही कंपायलर नियमाप्रमाणेच वागत होते. इंट किमान १६ बिटांचा असावा, एवढीच सीची अट आहे.

शेवटी ओळ झाली गुण * १००.० / एकूण, म्हणजे हिशेबच दशांशात, आणि फंक्शन फ्लोट परत करतं. दोन्हीकडे ७२.८३. फ्लोट केलंत की प्रिंटएफमधला (उत्तर छापणाऱ्या ओळीतला) पूर्णांकाचा पर्सेंट डी बदलून दशांशाचा पर्सेंट एफ करायला विसरू नका, त्यात आमची पंधरा मिनिटं गेली. आणि हो, एकूण शून्य आलं तर भागाकाराआधीच अडवा. ते तिने न सांगता घातलं होतं, मला फार बरं वाटलं.

जर्नलमध्ये तिने ३२७ आणि ३२८ ची उत्तरं शेजारी-शेजारी लिहून खाली कारण लिहिलं. या वेळी सही मिळाली. त्या दोन ओळींबद्दल मात्र तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. रविवारी घरी आली तेव्हा मी विचारलं, तर जेवण थांबवून तिने अख्खा हिशेब पुन्हा मांडून दाखवला.